इतिहासातली पाहुणी

घरटी एकदाच, इतिहासातल्या एकाच माणसाला यंत्राकरवी जेवायला बोलावता येई. त्यामुळे मृण्मयी आठवडाभर यादी चाळत होती. तिच्या नवऱ्याला, श्रीरंगला, एखादा सेनापती हवा होता.

"सेनापतीला बघून इरा पलंगाखाली जाऊन बसेल," ती म्हणाली.

बोबड्या बोलण्याला शाळेत मुलं हसली, तेव्हापासून त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीनं, इरानं, चार महिने तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टर झाले, अंगारेधुपारे झाले. शेवटी मृण्मयीनं दीडशे वर्षांपूर्वीच्या खगोलशास्त्रज्ञ गोदूताई निवडल्या. या बाई म्हणे भेटेल त्याला प्रश्न विचारत. त्यांचं बघून इरालाही काही विचारावंसं वाटलं तर?

यंत्रानं उभ्या केलेल्या गोदूताई ताटावर बसल्या. वरणाच्या वाटीभोवती भाताची शितं मांडून त्यांनी शनीची कडी दाखवली. इरा टक लावून बघत राहिली, पण बोलली नाही.

आठ वाजता गोदूताई उठल्या. "बरं, जाते मी."

मृण्मयी पटकन पुढे झाली. "अहो, असं काय म्हणता?"

"आम्हा यंत्रातल्यांना खोटं बोलायला बंदी आहे, बाई. परत येणं काही होणार नाही."

"जाते नाई म्हनायतं!" इरा ताडकन उभी राहिली. "येते म्हनायतं!"

श्रीरंगच्या हातातली पळी आमटीत पडली. गोदूताई क्षणभर थबकल्या, जणू आत कुठेतरी नियम शोधत होत्या. मग त्या इरापुढे वाकल्या.

"चुकलंच माझं. येते हं."

"कदी?" इरानं विचारलं.