लोखंडाची आंघोळ

बायको गेल्यापासून आण्णांचा जुना ट्रॅक्टर तापू लागला. रेडिएटर भरला तरी चार दिवसांत पाणी तळाला जायचं, खाली जमिनीवर थेंबही सांडलेला नसायचा. मुरगूडहून घरी आलेल्या मिस्त्रीनं ऑइल तपासलं, इंजिन चालू करून रेडिएटरात बुडबुडे येतात का पाहिलं, मग वॉटरपंपाखाली बोट फिरवलं. बोटाला पांढरा थर लागला. "आण्णा, हे आजचं न्हाय. पंप कैक वर्षं झिरपतोय, पाणी गरम लोखंडावरच आटतंय." "आधी कसा तापला न्हाय?" "कोणतरी रोज पाणी घालत असणार की!" आण्णांना बायको आठवली. ती रोज सकाळी तांब्या घेऊन ट्रॅक्टरकडं जायची. पूजा करते समजून ते ओरडायचे, "झाली का लोखंडाची आंघोळ?" ती नुसती हसायची. "उद्या नवा पंप बसवू?" मिस्त्रीनं विचारलं. कोनाड्यातला तिचा तांब्या आण्णांनी सदऱ्यानं पुसला. "रोज किती पाणी लागंल?" "तांब्याभर." "मग पंप ऱ्हाऊ दे."