मागची बाजू

देवस्थळी सरांनी लाकडी फिरकी गर्रकन फिरवली आणि हॉलमध्ये खसखस पिकली.

फिरकीवर प्रज्योतने केलेली मातीची मोटार होती. पुढून अशी देखणी, की कुणीही थांबून बघावं. दिवे बोलके, बॉनेटला ऐट. आणि मागे? मागे काहीच नव्हतं. कापलेल्या भोपळ्यासारखी सपाट माती.

"अहो गोवेकर, गाडीला मागची बाजू असते की नाही?" सरांनी विचारलं.

प्रज्योतचे कान तापले. "आमच्याकडे मागे भिंत असते, सर," तो बोलून गेला. झालं! पुन्हा हशा.

पण तो काही विनोद करत नव्हता. गोव्यात, डिचोलीतल्या चिताऱ्याच्या घरात जन्मलेला पोरगा तो. चवथीचे गणपती करणं हा घरचा पिढीजात धंदा. गणपती बसतो भिंतीला टेकून, डोक्यावर फळाफुलांची माटोळी. त्याची पाठ बघायला जातो कोण! म्हणून त्याचे बाबा, शिवदास चितारी, पुढच्या अंगात जीव ओतायचे आणि मागून नुसता ओला हात फिरवून मूर्ती सोडून द्यायचे. प्रज्योतच्या हाताला तेच वळण पडलं होतं. पुण्याच्या मोटार कारखान्यात गाड्यांचे नमुने करणाऱ्या विभागाची ही निवड-परीक्षा, आणि इथेही हात सवयीनेच चालला.

गाड्यांचं वेड मात्र त्याचं स्वतःचं. खाणींवरचे ट्रक दारावरून धडधडत जायचे, ओल्या मूर्तींवर लाल धूळ बसायची. बाबा ट्रकवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचे आणि हा पठ्ठ्या उरलेल्या मातीचे तेच ट्रक करून उंबऱ्यावर रांगेने मांडायचा. देवाच्या मातीच्या गाड्या करतो म्हणून मारही खाल्ला त्याने. गोवा राज्य झालं तेव्हा शाळेची मिरवणूक निघाली. सगळी पोरं घोषणा देत होती आणि हा पुढच्या जीपचे दिवे न्याहाळत चालला होता. त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं.

गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ज्या हाताने गावाच्या गणपतींचे डोळे आखले, तो हात लुळा पडला. आता डोळे आखायचे ते प्रज्योतनेच. चवथ पंधरवड्यावर आलेली. लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात आणि त्याच पाटावर त्यांचा गणपती घडवायचा, ही तिथली रीत. चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या खोलीत, पाट येऊन पडले होते आणि नेमकं तेव्हाच पुण्याचं बोलावणं आलं. निवड झाली तर लगेच रुजू व्हायचं होतं.

"चवथ तोंडार आयल्या आनी तूं गाडयो करूंक वता?" बाबा म्हणाले होते. "ह्या पाटांचेर आतां देव कोण बसयतलो?"

आईने पिशवीत पावाचे उंडे बांधून दिले. "येतो, बाबा," तो म्हणाला. "ये" काही ऐकू आलं नाही.

"एक तास देतो," देवस्थळी सर म्हणाले. "मागची बाजू करा. नाहीतर घरी जा."

घरी जा! प्रज्योतच्या मनात आलं, ठेवावी तशीच सपाट. नापास झालो तर बिघडलं कुठे? आजच्या गाडीने निघालो तर उद्या मूर्ती घडवायला बसता येईल. बाबांकडे मान वर करून बघता तरी येईल. पण हा हॉल, ही माती, ही मोटार यांच्यासाठीच तर तो लहानपणापासून जीव टाकत आला होता. सोडवेना. मग त्याने माती ओली केली आणि खाली घातलेली मान तास संपेपर्यंत वर केली नाही.

सर आले. मघाशी हसणारेही गोळा झाले. या वेळी कुणी हसलं नाही.

गाडीची वरची कड दोन्ही अंगांना खांद्यांसारखी उतरत गेली होती. मधोमध एक लांब, खोलगट रेघ. उजवी बाजू किंचित खचलेली. गाडी रिकामी होती, पण जन्मभर ओझं वाहिल्यासारखी दिसत होती.

"उजवीकडे उतरलीय, ते नंतर सारखं करू," सर हळू आवाजात म्हणाले. "जागा तुमची. सोमवारी हजर व्हा."

प्रज्योतला आनंद झाला आणि त्याच क्षणी घरची चित्रशाळा आठवली. पाट रिकामे राहणार होते. लोक ते उचलून दुसऱ्या चिताऱ्याकडे नेतील आणि बाबा बघत बसतील.

सर अजून गाडीभोवतीच घुटमळत होते. "पुढचं देखणं करणारे पुष्कळ येतात हो," ते म्हणाले. "पण अशी पाठ मी कुठल्या गाडीला बघितली नाही. कुठून आणलीत ही?"

प्रज्योतने हात पुसले. माती निघेना.

"बाबांची आहे, सर," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा ते वळलेच नाहीत."