हाराआडचे दोन शब्द

रंगनाथनं मशीन बंद केलं, थोडा थांबला, पुन्हा चालू केलं. आतून दळण दळल्यासारखा आवाज आला. पडदा उजळला आणि डाव्या कोपऱ्यात तेच दोन शब्द उमटले. इंग्रजी अक्षरांत, हिरवेगार: जय भीम.

“अजून हायत?” सगुणानं स्वयंपाकघरातून विचारलं.

“आहेत,” तो म्हणाला. या आळीत राहायला आल्यापासून नवरा-बायकोनं ‘हाय’ सोडून ‘आहे’ धरलं होतं. संकटात मात्र सगुणाची जीभ घसरायची.

कॉम्प्युटर जुनाच होता. औरंगाबादच्या एका दुकानदारानं कुठल्याशा ऑफिसातून उचललेला, झाडून-पुसून, नवी वायर लावून विकलेला. जिंतुरात घरच्या घरी कॉम्प्युटर क्लास काढायचा, तर एवढंच परवडत होतं. समोरच्या खोलीत टेबल रंगवून झालं होतं, स्टॅबिलायझर बसला होता. कीबोर्डवरची झिजलेली अक्षरं सगुणानं काडीला पांढरा रंग लावून पुन्हा काढली होती, मशीनला झालरीची खोळ शिवली होती. बाहेरून मशीन पुरतं या आळीचं झालं होतं. आत मात्र कुणीतरी जुना मालक बसून होता आणि चालू केलं, की तो आधी आपली ओळख सांगायचा.

दिवस जानेवारीचे. मराठवाडा विद्यापीठाचं नाव नुकतंच बदललं होतं आणि ते आळीला मान्य नव्हतं. ज्यांनी जन्मात विद्यापीठाचं फाटक पाहिलं नव्हतं, तेसुद्धा जुन्या नावासाठी हळहळत होते. सगळ्यांत जास्त आबासाहेब. खोली आबासाहेबांची. क्लासला येणारी पोरं आबासाहेबांच्या भावकीतली. आणि उद्या उद्घाटनाचं बटणही आबासाहेबच दाबणार होते. मशीन आधीच चालू करून ठेवायची सोय नव्हती. पाहुण्यानं बटण दाबायचं आणि त्याच्या हातानं उजेड पडायचा, त्याशिवाय आपल्याकडे कशाचंच उद्घाटन होत नाही.

रंगनाथचं त्या दोन शब्दांशी वैर नव्हतं. ते फक्त इथं नको होते. एका नावावरून अख्खा मराठवाडा पेटला होता. त्यानं स्वतःचं आडनाव गॅझेटात बदललं, तेव्हा कुणाला पत्ताही लागला नव्हता. जुनं लोकांना उच्चारायला अवघड जातं, असं तो सांगायचा.

परभणीच्या कोर्सात त्याला फायली बघायला आणि पुसायला शिकवलं होतं. या नावाची फाइलच सापडेना. पडदा साफ करायची आज्ञा दिली, की शब्द निघून जायचे. बंद करून चालू केलं, की परत हजर. दुपारभर तो फोनच्या बूथवर ताटकळला. शेवटी दुकानदार भेटला. “इंजिनियर बाहेरगावी गेलाय, सर. आणि दोनच तर शब्द आहेत. मशीन काम करतंय ना?”

घरी येऊन त्यानं पडद्यावर अष्टगंध फासून पाहिलं. गंधातून तो हिरवा उजेड उलट जास्तच पवित्र दिसायला लागला. रंगनाथ कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. खोली जाणार, पोरं जाणार. पुन्हा नवं गाव, पुन्हा नवी आळी.

“अवो, हार घाला की,” सगुणा म्हणाली. “उद्घाटनाला हार लागतोच. झेंडूचा, चांगला जाड. सोडा त्या कोपऱ्यावर.”

रंगनाथला फक्त रडू यायचं बाकी होतं, ते हाराचं ऐकून टळलं.

“अन् आत्याला निरोप धाडू का पिंगळीला? पोराचा क्लास उघडायलाय, अन् म्हातारीला पत्ता न्हाई.”

“आईला नको.”

सरजाबाई मोठ्यानं बोलायची. पोराला तिनं एकच शिस्त मारून-मारून लावली होती. समोरच्यानं जो शब्द घातला, तोच तसाच परत द्यायचा. उशीर झाला, की पाठीत धपाटा. ही शिस्त रंगनाथला या आळीत फार उपयोगी पडली. कुणाचा ‘रामराम’ पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत त्याचा ‘रामराम’ पोचलेला असायचा. आबासाहेब चारचौघांत म्हणायचे, “आमच्या सरांचं वळण बघा जरा!”

दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. नारळ फुटला. आबासाहेबांनी बटण दाबलं. आत दळण सुरू झालं. पोरं माना उंचावून पुढं सरकली. झेंडूच्या हारामागं नुसता हिरवा उजेड पडला. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात रंगनाथनं वाजवल्या.

“साहेब, हार जरा काढा,” फोटोग्राफर म्हणाला. “पडदाच दिसंना. लोकांला वाटंल, टीव्ही घेतलाय.”

आबासाहेबांनी स्वतःच हार उचलला आणि वाकून पाहिलं. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. इंग्रजी ते एकेक अक्षर खुडून वाचत.

“जे... ए... आय...”

रंगनाथनं खोटं कालच तयार करून ठेवलं होतं: साहेब, ते जपानी कंपनीचं नाव आहे. ते त्यानं जिभेच्या टोकावर आणून ठेवलं.

“बी... एच... आय... एम.”

आबासाहेबांनी मनातल्या मनात अक्षरं जुळवली. दोन्ही हातांत हार छातीशी धरून ते वळले आणि चष्म्यावरून थेट रंगनाथच्या डोळ्यांत बघत मोठ्यानं म्हणाले, “जय भीम?”

जपानी कंपनी जिभेवरच राहिली. एका क्षणाचाही उशीर न करता, हात जोडून, रंगनाथ म्हणून गेला होता, “जय भीम!”