समेट

"मावशी, मिटलं एकदाचं!" सरकारी वकीलसाहेब आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आले. "दोन्ही देशांचा समेट झाला. खटला मागे घेतला."

बाकावरची मावशी ताडकन उठली. तिचा मुलगा शेजारच्या देशाच्या तुरुंगात होता, हेर ठरवून फाशी सुनावलेला. या न्यायालयाने त्या देशाला बजावलं होतं, आमचा निकाल लागेपर्यंत फाशी द्यायची नाही. लोक खटला संपावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात. ही बाई तो रेंगाळावा म्हणून बसली होती. सुनावणी पुढे ढकलली की तिला दोन घास जास्त जायचे.

"म्हणजे सुटला तो?"

वकीलसाहेबांनी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. "करारात त्याचं तसं काही नाही. नदीच्या पाण्याचं आहे, गॅसच्या पाइपलाइनचं आहे. आम्ही विषय काढला होता हो. दयेचा अर्ज करा म्हणाले, बघू."

"आणि कोर्टाची ती ताकीद?"

"ती खटला चालू असेपर्यंतच होती, मावशी."

"मग मागे कशाला घेतलात? चालू ठेवायचा ना! भांडायला काय धाड भरली होती तुम्हाला?"

साहेब तोवर परत जिना चढू लागले होते. दालनात फोटोवाला खोळंबला होता. कालपर्यंत एकमेकांना खोटारडे म्हणणारे दोन्ही देशांचे वकील गळ्यात गळा घालून उभे राहिले. असल्या गोड हसण्याची किळस येते. टेबलावर दोघांचे छोटे झेंडे शेजारी शेजारी मांडले होते.

मावशी सरळ आत शिरली. तिने शेजारच्या देशाचा झेंडा उचलला, जमिनीवर आपटला आणि वर पाय दिला.

"घ्या! आता तरी जुंपू दे तुमची!"

आपले वकीलसाहेब पांढरेफटक पडले. एरवी एवढ्यावरून सीमेवर तोफा धडाडल्या असत्या.

त्या देशाचा वकील मात्र शांतपणे खाली वाकला. तिचा पाय हळूच बाजूला करून त्याने झेंडा उचलला, झटकला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"असू द्या, आई," तो म्हणाला. "आपल्यात आता काही वाद नाही."