म्हातारा कावळा

"बजेटमध्ये बसवायचं तर ग्राफिक्स कार्ड साधं टाका, पण रॅम वाढवा," बाबा दुकानदाराला म्हणाले. "शेवटच्या किल्ल्यावर गेम अडकतो आणि ही हकनाक मरते." माझ्या हातातला माउस निसटलाच. माझ्या खोलीत कधी न डोकावणाऱ्या, 'जेवलीस का?' यापलीकडे तोंड न उघडणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक? ते एकालाच माहीत होतं: ऑनलाइन गेममधल्या माझ्या साथीदाराला, 'म्हाताऱ्या कावळ्या'ला. त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. तो फक्त टाइप करायचा आणि माझ्यावरचा प्रत्येक वार ढालीवर झेलायचा. त्याला मी सगळं सांगायचे. "कावळा?" मी कसंबसं विचारलं. बाबा मान खाली घालून रॅमची पट्टी न्याहाळत राहिले. परवाच मी कावळ्याला लिहिलं होतं, "मी मेले तरी बापाला पत्ता लागायचा नाही."