झाकलेलं ताट

मोफत जेवण वाढणाऱ्या आमच्या गटाचा एकच दंडक आहे: ताट नुसतं पुढे सरकवायचं नाही. समोरच्याकडे बघून 'पोटभर जेवा हं, आई', 'सावकाश जेवा हं, बाबा' म्हणायचं आणि मगच ताट हातात द्यायचं. माझं बोलणं तर एवढं गोड, की म्हातारी माणसं माझ्याच रांगेत गर्दी करतात.

आज मान वर केली, तर समोर माझीच आई.

"तू इथे कशाला? चारचौघांत माझी शोभा करायला? घरी ओट्यावर ताट झाकून ठेवलंय ना तुझं?"

"ठेवलेलं असतं रे, रोजच," आई म्हणाली. "मला ताट नकोच. तू या सगळ्यांना म्हणतोस ना, तेवढं एकदा म्हण. लगेच जाते."