बरोबर आलेली रीडिंग्ज

"हे बरोबर आलंय, म्हणूनच तुला बोलावलंय," विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी जर्नल मुलीसमोर सरकवलं.

प्रयोग ट्रान्झिस्टरचा होता. त्याच्या एका पायाला ठरावीक करंट द्यायचा, दुसऱ्या पायावरचं व्होल्टेज एकेक टप्प्याने वाढवायचं आणि दर टप्प्याला मीटरचा काटा कुठे थांबतो ते लिहायचं. वर्गातल्या अकरा जणांचा काटा शेवटी बारावर थांबला होता. हिचा आठवर. पुस्तकातही आठच छापलं होतं.

"बोर्ड तोच, ट्रान्झिस्टर तोच, वेळही सगळ्यांची सकाळी दहाची. मग तुझंच कसं पुस्तकासारखं आलं?"

"पण सर, आठच बरोबर आहे ना?"

"तोच तर घोळ आहे!"

वर्गात या मुलीला शिडी म्हणत. आता मान खाली घालूनही ती प्रमुखांपेक्षा वीतभर उंच दिसत होती.

"सोमवारपर्यंत वाट बघतो," प्रमुख म्हणाले. "रीडिंग्ज पुस्तकातून उतरवलेली निघाली, तर परीक्षेला बसू देणार नाही. वर्ष जाईल."

कपाटाशी उभ्या असलेल्या प्रयोगशाळा सहायक हे सगळं ऐकत होत्या. कॉलेजात सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत. बावीस वर्षं त्या ही खोली सांभाळत होत्या. या मुलीचा प्रयोग होता त्या दिवशी नेमक्या त्या दाढ काढायला गेल्या होत्या. आपण असतो तर दोन डोळ्यांनी बघितलं असतं, ही रुखरुख त्यांना लागून राहिली.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अकरा चुकले आणि एकटी बरोबर? आमच्या ऑफिसात असतं तर एव्हाना तिला काढलं असतं."

"पण अकरा तरी का चुकले?" मॅडम म्हणाल्या. "बोर्ड माझा आहे. माझा बोर्ड खोटं का बोलतोय?"

शनिवारी दहाला त्या स्वतः बोर्डासमोर बसल्या. काटा बारावर. मीटर बदलला. बारा. तारा बदलल्या, सप्लाय बदलला. बाराच. चष्मा पुसून पाहिला, तरी बारा.

एक तार सैल वाटली म्हणून त्या उठल्या आणि बोर्डावर वाकल्या. काटा घसरून आठवर आला.

तार घट्ट करून त्या बसल्या. काटा पुन्हा बारावर.

त्या उठल्या. आठ. बसल्या. बारा. दारातून डोकावणाऱ्या शिपायाने विचारलं, "मॅडम, गुडघे दुखतायत का?"

"थांब रे जरा!" म्हणत त्यांनी ट्रान्झिस्टरवर नुसता तळहात धरला. काटा मुकाट्याने आठवर उतरला.

भिंग आणून त्यांनी निरखून पाहिलं. ट्रान्झिस्टर जुन्या धाटणीचा, काचेचा होता. आत उजेड जाऊ नये म्हणून काचेवर काळा रंग दिलेला असतो. तो एका बाजूला मोहरीएवढा उडाला होता. स्टुलाच्या मागे उंचावर खिडकी होती. तिथून येणारं दहाचं ऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून थेट त्या टवक्यावर पडत होतं. उजेड आत शिरला की करंट वाढायचा.

म्हणजे अकरा जण खरंच बोलत होते. आणि बाराव्या मुलीच्या डोक्याची सावली?

मॅडमनी कपाटातले तीन जाडजूड ग्रंथ स्टुलावर रचले आणि तोल सांभाळत त्यावर बसल्या. काटा आठवर आला तो हललाच नाही.

सोमवारी दहाच्या सुमारास त्यांनी मुलीला जिन्यातच गाठलं. "तू त्या दिवशी स्टुलावर ताठ बसली होतीस ना? वाकून नाही?"

मुलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "हो मॅडम. ताठच."

"मग काळजी करू नकोस!"

प्रमुखांना आधी पटेना. मग ते स्वतः स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले, आणि काट्याकडे बघत लहान मुलासारखे हसू लागले. "तीस वर्षं शिकवतोय मी हे! असं कधी पाहिलं नाही."

उरलेला वर्ग गोळा झाला. आपण चुकलो नव्हतो म्हणून अकराही जण खूश होते. कुणीतरी म्हणालं, "शिडी, तुझ्या उंचीचा पहिल्यांदाच उपयोग झाला बघ." सगळे हसले. मुलगीही हसली.

प्रमुखांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "मुली, मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. माफ कर. परीक्षेला तू बसणार. आणि मॅडम, हे सगळं लिहून काढा. पुढच्या वर्षी मी हाच बोर्ड मुद्दाम शिकवायला घेणार."

मॅडमना भरून आलं. बावीस वर्षांत त्यांना कुणी काही लिहून काढायला सांगितलं नव्हतं. त्यांनी सवयीने सगळी बटणं बंद केली आणि फडक्याने बोर्ड पुसला.

"थांबा, थांबा," प्रमुख म्हणाले. "हिचीच रीडिंग्ज हिच्याच हातून बघू या की. बस बेटा, त्या दिवशी बसली होतीस तशी. अगदी पहिल्यापासून घे."

मुलगी स्टुलावर ताठ बसली. तिच्या डोक्याची सावली बरोबर ट्रान्झिस्टरवर पडली. सगळे मीटरभोवती वाकले. काटा शून्यावर होता.

मुलीने बोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. एका बटणापाशी बोट नेलं, मागे घेतलं. मग शेजारी उभ्या असलेल्या मॅडमकडे कलून ती अगदी हळू म्हणाली,

"मॅडम, हे चालू कुठून करायचं?"